रेडिएशनच्या आखणीची सत्तर वर्षे

कॅन्सरच्या गाठीवर किरण कोणत्या कोनातून आणि किती वेळ सोडायचे, हे ठरवण्याचे काम पूर्वी पूर्णपणे हातांनी चाले. रुग्णाच्या अंगाभोवती शिशाची पट्टी वळवायची, तिचा आकार कागदावर उतरवायचा, त्याखाली डोसचे तक्ते सरकवायचे आणि एकेका बिंदूची बेरीज करायची. १९५५ मध्ये त्सिएन या संशोधकांनी ही बेरीज पंचकार्डांवर करून दाखवली. १९७०च्या दशकात सीटी स्कॅन आला, तेव्हा गाठ आणि तिच्या शेजारचे निरोगी अवयव एकत्र दिसू लागले.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रगतीचे मोल रुग्णाच्या वाचलेल्या फेऱ्यांवरून करावे, असे मला वाटते. अकोले किंवा जामखेड तालुक्यातल्या शेतमजूर बाईला पाच आठवडे रोज रेडिएशनला जायचे म्हणजे मजुरी बुडते, मुक्कामाचा खर्च वाढतो. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ब्रिटिश चाचण्यांनी २००८ मध्ये दाखवले, की २५ ऐवजी १५ वेळांत तेवढाच गुण येतो. पण दर वेळचा डोस मोठा असल्याने तो कुठे जास्त साचत नाही ना, हे पाहणे अधिक गरजेचे ठरते. तिथे संगणक खरा कामाला येतो.

यावर कोणी म्हणेल, सॉफ्टवेअर सगळे करते, मग माणसे घडवण्यावर खर्च कशाला? याचे उत्तर पनामाने दिले आहे. तिथे २०००-०१ मध्ये निरोगी भाग झाकणाऱ्या शिशाच्या ठोकळ्यांची माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली, संगणकाने ती निमूट स्वीकारली आणि उपचाराची वेळ जवळपास दुप्पट काढली. २८ रुग्णांना जादा डोस गेला, काही दगावले. एका बिंदूचा डोस हाताने ताडून पाहिला असता, तर चूक उघडी पडली असती. मनुष्यबळ अपुरे आहे ही अडचण खरी. पण ही पडताळणी काही मिनिटांची आहे, आणि ती शिकवायला किरणांचे यंत्रही लागत नाही. नाव-गाव पुसलेले सीटी स्कॅन आणि साधा संगणक पुरतो. लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातल्या अशा संस्थांनी विद्यार्थ्यांसमोर मुद्दाम चुकवलेल्या आखण्या ठेवाव्यात आणि चूक शोधायला लावावी.