संगणकशक्ती : सावडीची आणि भाड्याची

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडिनार येथे एक चमत्कारिक प्रसंग उद्भवला. तेथील नायरा एनर्जी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना वर्षाला २ कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेचा. तेल होते, यंत्रे होती, कामगार कामावर होते. परंतु कचेरीतील माणसांना स्वतःचीच पत्रे उघडता येईनात. कंपनीच्या भागभांडवलात रशियन तेलकंपनीचा मोठा वाटा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध जाहीर केले होते, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा थांबविल्या होत्या. भारताच्या किंवा अमेरिकेच्या कोणत्याही कायद्याने असे करणे बंधनकारक नव्हते, असे नायराचे म्हणणे. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या आणि वृत्तपत्रांच्या लेखी प्रकरण मिटले. ब्रुसेल्समध्ये झालेल्या निर्णयामुळे वाडिनारच्या कचेरीतील कपाटाला कुलूप कसे लागू शकते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

याचे उत्तर ‘क्लाउड’ या दोन दशकांत रूढ झालेल्या व्यवस्थेत आहे. नाव मेघाचे असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे. नवी मुंबईत ऐरोली-महापे परिसरात ज्या प्रचंड, बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत, त्यांत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात, वीज खातात आणि तापतात म्हणून त्यांना सतत थंड ठेवावे लागते. गिऱ्हाईक आपली माहिती तेथे ठेवतो, आपले गणित तेथे करून घेतो आणि जितके वापरले तितक्याचे भाडे देतो. कवीच्या मेघाशी याचा संबंध नावापुरताच.

कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच, मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेच्या शताब्दी समारंभात, टेलिफोनप्रमाणे संगणनही एके दिवशी सार्वजनिक उपयोगितेची सेवा बनेल असे भाकीत केले होते. अशा संक्रमणाचा अनुभव मुंबईने त्याच्याही आधी घेतलेला आहे. गिरण्यांची चाके एके काळी प्रत्येक गिरणीच्या स्वतःच्या वाफेच्या इंजिनावर फिरत. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि इंजिन, बॉयलर व कोळशाचे ढीग सांभाळण्यापेक्षा वीज विकत घेणे गिरणीमालकांना परवडू लागले. शक्ती निर्माण करणारा एक आणि वापरणारे अनेक, ही विभागणी तेथे झाली. संगणकाच्या बाबतीत तीच विभागणी दोन वेगळ्या मार्गांनी करून पाहण्यात आली. एक मार्ग ग्रिडचा, दुसरा क्लाउडचा.

‘ग्रिड’ हे नाव विजेच्या जाळ्यावरूनच घेतलेले. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९८ च्या सुमारास या विषयावरील ग्रंथ संपादित केला आणि ते रूढ झाले. पण ग्रिडचा खरा स्वभाव समजून घ्यायचा तर आपल्या खेड्यांतील सावडीकडे पाहावे. आज याच्या शेतात सर्वांची बैलजोडी आणि सर्वांचे हात, उद्या त्याच्या. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही. नांगरणीसाठी अशाच रीतीने इर्जिक घालण्याची पद्धत होती. ग्रिडमध्ये विद्यापीठे आणि संशोधनसंस्था आपापले संगणक आपापल्याच आवारात, आपल्याच मालकीचे ठेवतात. ते जाळ्याने जोडतात आणि एकाला जड गेलेले गणित सर्वांत वाटून देतात.

याचे सर्वांत भव्य उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेचे. तेथील कणत्वरकातून निघणाऱ्या माहितीचा पूर एका संस्थेला आवरणारा नव्हता. म्हणून चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांचे जाळे उभारण्यात आले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र ही त्यातील भारताची केंद्रे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, तिच्यामागे या सावडीचे श्रम होते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने ‘गरुड’ या नावाने राष्ट्रीय ग्रिडचा प्रयोग केला आणि १७ शहरांतील संस्था परस्परांशी जोडल्या. बर्कलेच्या विद्यापीठाने तर १९९९ मध्ये सामान्य माणसांच्या घरातील रिकामे बसलेले संगणक परग्रहांवरील संदेशांच्या शोधासाठी मागितले, आणि लाखो लोकांनी ते आनंदाने दिले. २०२० पर्यंत तो उद्योग चालला.

इतके असूनही ग्रिड शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर पडले नाही. त्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. सावडीत शिरायचे तर आधी गावात घर असावे लागते. ग्रिडवर काम करायचे तर कोणत्या तरी मान्य संस्थेचे सदस्यत्व हवे, ओळखीचे प्रमाणपत्र हवे, प्रस्ताव मंजूर व्हायला हवा, आणि मग रांगेत थांबण्याचा धीर हवा. प्रत्येक केंद्राची यंत्रे वेगळी, रीती वेगळ्या. किंमत नसल्याने कोणाचे काम अधिक निकडीचे हे समितीने ठरवायचे. आणि समित्या कशा ठरवतात हे महाविद्यालयांच्या शिक्षकांना सांगायला नको! पदार्थविज्ञानातील गणित रात्रभर रांगेत राहिले तर बिघडत नाही. दहावीच्या निकालाचे तसे नाही. तो दुपारी एक वाजता लागायचा तर लाखो मुलांना तो एकलाच पाहायचा असतो.

निकालाच्याच उदाहरणाने क्लाउडचे अर्थशास्त्र उलगडते. त्या दोन तासांसाठी मंडळाने यंत्रे विकत घेतली तर उरलेले वर्ष ती धूळ खात पडतील. न घेतली तर ऐन वेळी सगळे ठप्प. क्लाउड चालविणारी कंपनी मात्र निरनिराळ्या गिऱ्हाइकांच्या गर्दीच्या वेळा निरनिराळ्या असतात यावर आपला धंदा उभारते. कोणाची गर्दी दिवाळीत, कोणाची मार्चअखेर, कोणाची नाताळात. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, या विश्वासावर जशी बँक चालते, तसेच हे.

ॲमेझॉन या मुळात पुस्तके विकणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये ही सेवा खुली केली, तेव्हा एका संगणकाचे भाडे ताशी १० सेंट होते. सन मायक्रोसिस्टिम्सने त्याच वर्षी ‘ग्रिड’ हेच नाव लावून एका प्रोसेसरच्या तासाला १ डॉलर या दराने दुकान मांडले होते. ते चालले नाही आणि २०१० मध्ये ती कंपनीच ओरॅकलच्या पोटात गेली. ॲमेझॉनच्या दराचा अर्थ काय होतो हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००७ मध्ये दाखविले. जुन्या अंकांतील सुमारे १ कोटी १० लाख लेख वाचनीय स्वरूपात आणायचे होते. त्या पत्राने १०० संगणक एका दिवसासाठी भाड्याने घेतले. ताशी १० सेंटांनी हिशेब केला तर यंत्रांचे भाडे २४० डॉलर भरते. शंभर यंत्रे एक तास किंवा एक यंत्र शंभर तास, भाडे सारखेच. पण पहिल्या पर्यायात वेळ वाचतो. कोणत्याही समितीकडे अर्ज न करता, केवळ पैसे टाकून हे करता येते, ही क्लाउडची खरी क्रांती. अल्प भांडवलाच्या उद्योजकाला तिने जे दार उघडून दिले, ते ग्रिडला कधीच उघडता आले नसते, हे मान्य केले पाहिजे.

विजेला आठवण नसते

मग तक्रार कशाची? खोपोलीच्या विजेशी केलेली तुलना येथे अपुरी पडते. वीज कोणाकडून आली हे दिव्याला ठाऊक नसते. पुरवठादार बदलला तर ग्राहकाचे काहीही मागे राहत नाही. संगणकशक्तीसोबत मात्र गिऱ्हाइकाची स्मृतीच भाडेकरू म्हणून राहायला जाते. त्याची पत्रे, हिशेब, रुग्णांचे कागद, विद्यार्थ्यांचे गुण, सारे घरमालकाच्या कोठारात. शिवाय प्रत्येक कंपनीची अवजारे निराळी, तेव्हा एकीच्या अवजारांवर उभारलेले काम दुसरीकडे नेणे म्हणजे घर पाडून पुन्हा बांधण्यासारखे. माल आत आणताना शुल्क नाही, बाहेर नेताना आहे, अशी या धंद्याची वर्षानुवर्षांची रीत. कायमचे सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करण्याची घोषणा मोठ्या कंपन्यांनी २०२४ मध्ये केली खरी. पण तोवर युरोपात त्याविरुद्ध कायदा झालेला होता. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या त्या कायद्याप्रमाणे जानेवारी २०२७ पासून सेवा बदलण्याचे शुल्क तेथे घेताच येत नाही.

सावडीतला शेतकरी रुसला तर आपली बैलजोडी घेऊन घरी जातो. त्याची जोडी त्याचीच असते. सर्नच्या जाळ्यातून उद्या एखादे केंद्र बाहेर पडले तरी त्याचे संगणक त्याच्याच तळघरात राहतात. भाड्याच्या ट्रॅक्टरवर विसंबून ज्याने बैल विकले, त्याला मालक सांगेल तो दर देणे भाग पडते. गुगलने शाळा-महाविद्यालयांना साठवणुकीची अमर्याद जागा फुकट दिली होती. २०२१ मध्ये तिने जाहीर केले की पुढील वर्षापासून फुकट जागा संस्थेमागे १०० टेराबाइट एवढीच राहील. लहान शाळेला ती पुष्कळ आहे. पण पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात हिशेब करा: माणशी २ गिगाबाइट. कंपनीने यात काही बेकायदा केले असे नव्हे, फुकटचे कधीतरी संपतेच. मात्र दरम्यानच्या काळात ज्या संस्थांनी आपली यंत्रे मोडीत काढली आणि ती सांभाळणारी माणसे गमावली, त्यांच्यापुढे पर्याय उरला नाही.

केंद्रीकरणाचा दुसरा परिणाम २० ऑक्टोबर २०२५ रोजी दिसला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या केंद्रसमूहात नावे आणि पत्ते जुळविणाऱ्या व्यवस्थेत दोष निर्माण झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांचा व्हर्जिनियाशी काही संबंध आहे असे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते, अशांचेही व्यवहार अडले.

मॅकार्थीने ‘सार्वजनिक उपयोगिता’ म्हटले होते. उपयोगिता आली, सार्वजनिक हा शब्द वाटेत गळला. महाराष्ट्रात विजेचा दर वाढवायचा तर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगापुढे प्रस्ताव मांडावा लागतो, जनसुनावणी होते, एखादा चिकाटीचा ग्राहक आकडे घेऊन उभा राहतो. क्लाउडच्या दराला अशी कोणतीही सुनावणी नाही. थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वीसुद्धा नोटीस द्यावी लागते. आपली सेवा पूर्वसूचनेवाचून बंद झाली, ही नायराची तक्रार होती.

यावर उपाय म्हणून सर्वांनी पुन्हा ग्रिडकडे वळावे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. निकालाची गर्दी सावडीने निभत नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने स्वतःचा क्लाउड सुरू केला, २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान हाती घेतले, आणि त्यातून पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसला. ही सामग्री विद्यापीठांनी सावडीने वापरण्यासारखीच आहे. संशोधनाची जड, घाई नसलेली गणिते तिच्यावर करावीत. रोजचा, चढउताराचा व्यवहार खुशाल भाड्याने चालवावा. मात्र भाडेकराराच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्यावाचून विद्यापीठाने, नगरपालिकेने किंवा सहकारी बँकेने सही करू नये. सेवा थांबविण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती खर्चात परत मिळेल, आणि तंटा भारतीय न्यायालयात चालेल की परक्या. शिवाय गुणपत्रिका, सेवापुस्तके आणि ठेवींची खाती यांची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या आवारात ठेवलेली असावी, आणि ती वर्षातून एकदा उघडून पाहण्याचे काम कोणा एका कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपविलेले असावे.