माळ पडीक, ऊस हिरवा आणि कीटकांचा हिशोब

जेऊरहून कंदर-वांगीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी आणि ऊस. उजनीच्या फुगवट्याचं पाणी जिथवर पोचलं तिथवर हिरवंगार. त्याच करमाळा तालुक्यात पाण्यापासून थोडं लांब गेलं, की मुरमाड माळ, कुसळी गवत, मधूनच एखादी बोर नाही तर हिवर. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. या दोन्हींकडे बघून बहुतेकांचा निवाडा ठरलेला असतो: जीवजंतू असणार ते हिरव्यात, माळावर काय असतंय! कीटकांच्या बाबतीत हा निवाडा बरोबर उलटा आहे, आणि तालुक्यात जमिनीचा वापर कसा करायचा याचे कितीतरी निर्णय याच समजुतीवर घेतले जातात.

"माळ म्हणजे पडीक जमीन."

सरकारी कागदांवर अशा जमिनीची नोंद बऱ्याचदा 'पडीक' म्हणूनच होते. पण 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्यात करमाळा तालुक्यातला भागही होता, आणि माळढोक माळावर जगायचा तो बऱ्याच अंशी नाकतोडे, भुंगेरे यांच्यावर. पुढे अभयारण्याचा विस्तार बराच कमी करण्यात आला. गवताचे नाकतोडे मात्र गवतातच राहतात, उसात सगळेच राहू शकत नाहीत. वाळवीही इथलीच. पिकाचा शत्रू एवढीच तिची ओळख आपल्याला आहे, पण वाळलेलं गवत, काड्या, पालापाचोळा मातीत मिसळण्याचं मोठं काम कोरड्या मुलखात तीच करते. वारूळ बांधणाऱ्या काही जाती आत बुरशीची शेतीही करतात आणि पावसाळ्यात त्याच वारुळांवर अळिंबी उगवतात.

पावसाळ्यात माळावर मेंढरं आणि गुरं चरून गेली, की ताज्या शेणापाशी थोडा वेळ बसून पाहावं. काही शेणभुंगेरे शेणाचा गोळा वळून मागच्या पायांनी, उलटे चालत, ढकलत नेतात. काही शेणाखालीच बीळ करून ते आत ओढतात. काही शेणातच राहतात. शेण मातीत जातं, माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं. हे फुकट मिळणारं काम बंद पडण्याचं एक कारण गोठ्यातच असतं. जंतांसाठी दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्यात वाढणाऱ्या अळ्या मरतात. औषध देऊच नये असं नाही. गरज असेल त्याच जनावराला, वेळ पाहून द्यावं.

माळावर वृक्षारोपण म्हणजे निसर्गाची सेवा, ही माळाला पडीक मानण्याच्या समजुतीची पुढची पायरी. गवताळ माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभळीची दाट लागवड केली, की सावलीत गवत खुरटतं आणि गवतावर जगणारे कीटक निघून जातात. झाडं शेताच्या कडेला, ओढ्याकाठी, गावठाणात जरूर लावावीत. चांगल्या माळावर खड्डे पाडून ती लावणं हे नुकसानच आहे.

"पाणी आलं, हिरवळ आली, म्हणजे कीटकही वाढले."

संख्या वाढते हे खरं. पण संख्या वेगळी आणि विविधता वेगळी. एकाच पिकाच्या शेकडो एकरांत त्या पिकावर पोसणाऱ्या चार जाती अफाट वाढतात, बाकीच्या गायब होतात. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रात प्रथम दिसली ती याच सोलापूर जिल्ह्यातल्या तांदुळवाडीत, मक्यावर. एका सलग पिकाच्या पट्ट्यात अशी कीड किती झपाट्यानं पसरते, हे पुढच्या हंगामात साऱ्यांनी पाहिलं.

पाण्याचंही तसंच. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं. अशा पाण्यात प्राणवायू घटतो, स्वच्छ पाणी लागणारे कीटक टिकत नाहीत, आणि कमी प्राणवायूत तग धरणाऱ्या कायरोनॉमिड माशांच्या लालभडक अळ्या गाळात माजतात. उलट पावसात माळावर साचणारी डबकी दोन महिन्यांत आटत असली, तरी भटक्या चतुराच्या पिल्लांना वाढायला तेवढा काळ पुरतो. याच जातीचे चतुर पावसाळा संपताना भारतातून निघून मालदीववरून पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात, असं अभ्यासक मानतात. चतुरांची ही नर्सरी मुरूम टाकून बुजवण्याआधी दहा वेळा विचार व्हायला हवा.

"आमच्या पिकाला मधमाशी लागतच नाही."

केळी आणि ऊस लावणाऱ्याचं हे म्हणणं त्याच्या पिकापुरतं बरोबर आहे. केळीचं फळ परागीभवनाशिवाय धरतं, ऊस कांडीनं लावतात, ज्वारीचंही कीटकांवाचून अडत नाही. पण तालुका तेवढ्यावर जगत नाही. तूर, सूर्यफूल, डाळिंब, शेवगा, बियाण्याचा कांदा, कलिंगड या सगळ्यांना कमी-अधिक प्रमाणात कीटक हवेत. कलिंगडाचं मादीफूल जेमतेम एक दिवस उमलतं. त्या सकाळी पुरेशा माश्या आल्या नाहीत तर फळ धरत नाही, नाहीतर वाकडंतिकडं होतं. खताचा डोस वाढवून ते सरळ होत नाही.

मधमाशी म्हटलं की डोळ्यांपुढे आग्या मोहोळ येतं, फार तर सातेरी आणि फुलोरी. भारतात मात्र मधमाश्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य एकेकट्या राहतात. मोहोळ नाही, राणी नाही. कित्येक जणी उघड्या, कडक मातीत बोटाच्या जाडीहून बारीक बीळ करून अंडी घालतात. अशी न नांगरलेली माती शेतात उरते ती बांधावर आणि पाणंदीच्या कडेला. बांधावरचं तरवडाचं झुडूप सकाळी पाहा. काळा भुंगा फुलातले पुंकेसर पायांनी कवटाळतो, पंख मिटतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो आणि पुंकेसरांच्या टोकांच्या छिद्रांतून पराग पिचकारीसारखा उडतो. वांग्याच्या फुलाची रचना अशीच आहे. पेटीतल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही, त्यामुळे वांग्याच्या रानाला बांधावरचे भुंगे आणि रानमाश्याच लागतात.

"किडा दिसला की फवारा."

2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानं पांढरी, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी. त्या वेळी कामी आले ते डीफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक. साखर कारखान्यांनी आणि कृषी विद्यापीठांनी ते वाढवून शेतकऱ्यांना दिले, आणि सोडल्यावर फवारणी करू नका, असं बजावून सांगितलं. फवाऱ्यात मावा मरतोच, पण त्याला खाणाराही मरतो, आणि मावा आधी परत येतो.

उकिरड्यातली पांढरी अळी म्हणजे हुमणीच, हाही पक्का समज. कच्चं शेणखत टाळावं हे खरंच, पण खतातली प्रत्येक गुबगुबीत अळी मुळं खाणारी नसते. अळी सपाट जागेवर ठेवावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाणारी. खुद्द हुमणीच्याही जाती जमिनीप्रमाणे बदलतात. नदीकाठच्या रानात एक, माळाच्या हलक्या रानात दुसरी. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करावेत. नेमकी जात आणि नेमकी वेळ कळली, की सरसकट फवारायची गरज उरत नाही.

"हवामानच बदललंय, आपल्या हातात काय?"

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये जगभरातल्या सहा हजारांवर ठिकाणांच्या नोंदी तपासल्या. तापमानवाढ आणि सघन शेती एकत्र आली तिथं कीटकांची संख्या नैसर्गिक जागांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. तापलेल्या भागांत, हलक्या हातानं केलेल्या शेतीभोवती तीन चतुर्थांश भाग नैसर्गिक राहिला असेल, तर घट 7 टक्के. तो एक चतुर्थांशावर आला असेल, तर 63 टक्के. करमाळ्याचा उन्हाळा चाळिशी पार करतो, तो थांबवणं एका गावाच्या हातात नाही. गावाच्या हातात माळ आहे, ओढा आहे, बांध आहे.

बांध कोरून दोन सऱ्या जास्त काढण्यावरून भाऊबंदकीत कोर्टकचेऱ्या होतात. उरलेल्यावर तणनाशक मारून तो बोडका केला जातो. त्याऐवजी तरवड, रुई, बोर राहू द्यावी. रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या पोसतात, पिकाला हात लावत नाहीत. पाचट न जाळता सरीत कुजवावं. फवारणी करावीच लागली, तर माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना करावी.