कालबाह्य ध्वनिमुद्रण व आधुनिकोत्तर कला

व्यवहारातून मागे पडलेल्या ध्वनिमुद्रण-साधनांचा कलानिर्मितीसाठी जाणीवपूर्वक केलेला वापर. तबकडीची खरखर, फितीची सळसळ, सुईचे अडखळणे हे पूर्वी दोष मानले जात. आधुनिकोत्तर कलेत तेच आशयाचे वाहक ठरले.

एडिसन यांच्या फोनोग्राफपासून (१८७७) मूळ ध्वनीशी तंतोतंत साम्य साधणे हे ध्वनिमुद्रणाचे ध्येय राहिले. तथापि साधनाने कलेला वळणही दिले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. विस्ताराने गायला जाणारा ख्याल गायकांना तेवढ्यात बसवावा लागे. मुद्रित ध्वनी हा मूळ ध्वनीचा निव्वळ आरसा नव्हे, या जाणिवेवर आधुनिकोत्तर कलावंतांनी भर दिला. ख्रिश्चन मार्क्ले यांनी १९८५ मध्ये वेष्टनाविना ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. हाताळताना पडणारे ओरखडे हा त्या कृतीचाच भाग होता. विल्यम बझिन्स्की हे २००१ मध्ये आपल्या जुन्या फितींचे अंकीय रूपांतर करीत असता फितींवरील चुंबकीय लेप सुटू लागला. तो क्षय त्यांनी तसाच मुद्रित होऊ दिला व त्यालाच संगीतकृतीचे रूप दिले.

मौखिक परंपरेच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. असोदे (जि. जळगाव) येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी पुत्र सोपानदेव प्रभृतींनी लिहून घेतल्यामुळे टिकली व १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लेखनात शब्द उरतात. आवाजाचा पोत, श्वास व विराम उरत नाहीत. फितीत ते उरतात, पण फितीच्या खुणांसह. चैतन्य ताम्हाणे यांच्या *द डिसायपल* (२०२०) या मराठी चित्रपटाचा नायक दिवंगत गायिकेच्या व्याख्यानांच्या जुन्या ध्वनिफिती प्रमाण मानून साधना करतो. देहाविना ऐकू येणारा तो आवाज त्याचा आधार ठरतो, तसेच त्याचे ओझेही. हा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे.

फ्रेड्रिक जेमसन यांनी १९८४ मध्ये आधुनिकोत्तर संस्कृतीतील गतकातरतेवर टीका केली. तीत इतिहासाची जागा त्याची शैली घेते. संगणकाने मिसळलेली कृत्रिम खरखर हे याचे उदाहरण म्हणता येईल. याउलट, जुन्या मुद्रणाची अतिशुद्धी केल्यास खरखरीबरोबर आवाजातील बारकावेही नाहीसे होतात. म्हणूनच शुद्ध केलेल्या प्रतीबरोबर मूळ मुद्रणही जतन करणे अगत्याचे ठरते.