उजेड तोच, बॉडी नवी

लग्नाच्या छायाचित्रकाराला ऑर्डर देताना पहिला प्रश्न दराचा असतो आणि दुसरा कॅमेऱ्याचा. बस्त्याला गेल्यावर साडी चिमटीत धरून पोत पाहता येतो. फोटोची तशी पारख आधी होत नाही, कारण फोटो अजून काढलेलेच नसतात. मग गिऱ्हाईक जे दिसते त्यावरून भाव ठरवते. कॅमेरा केवढा आहे, 'फुल फ्रेम' आहे का, गिंबल आणि ड्रोन येणार का? बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. एका बाजूला देगलूर-नांदेड, दुसऱ्या बाजूला तेलंगणातले बोधन-निजामाबाद. ऑर्डर कोणीही उचलू शकतो. अशा ठिकाणी नवी बॉडी ही दुकानाची पाटीच असते.

सामान जमवण्याच्या या ओढीला इंग्रजीत 'गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम', थोडक्यात 'गॅस' असे गमतीदार नाव आहे. ते आधी गिटारवादकांनी स्वतःची थट्टा करण्यासाठी वापरले. पुढे छायाचित्रकारांनी उसने घेतले. हौशी माणसाला लागतो तो गॅस आणि स्टुडिओवाल्याला घ्यावी लागते ती बॉडी यांत मात्र फरक आहे. पहिल्याची गरज मनातून येते, दुसऱ्याची गिऱ्हाइकाकडून. हप्ते दोघेही भरतात.

फिल्मच्या काळात हा दबाव कमी होता आणि त्याचे कारण यांत्रिक आहे. तेव्हा चित्राचा दर्जा प्रामुख्याने लेन्स आणि फिल्म ठरवत असे. कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे उजेड न शिरणारी पेटी आणि शटर. चांगली फिल्म बाजारात आली की जुना कॅमेराही आपोआप सुधारे. कोडॅकने १८८८ मध्ये कॅमेरा सर्वसामान्यांच्या हाती दिला, १९०० मध्ये 'ब्राउनी' अवघ्या एका डॉलरला विकली; कमाई होती ती फिल्म आणि धुलाईत. भारतात घरोघरी पोचलेला 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' बडोद्यात तयार होई. त्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर १२ फोटो निघत, आणि बारावा जपून ठेवला जाई. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली ती स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्सवर. रोलिफ्लेक्सची लेन्स बदलता येत नाही. जवळचे हवे असेल तर छायाचित्रकाराने पुढे सरकायचे.

डिजिटलने हे गणित उलटे केले. फिल्मची जागा घेणारा सेन्सर बॉडीतच पक्का बसलेला असल्यामुळे तो जुना झाला की सगळी बॉडीच जुनी ठरते. त्यात मोबाइलने खालचा बाजार गिळला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. थोडेच कॅमेरे विकायचे तर ते महागच विकावे लागतात, आणि ज्याच्याकडे आधीच एक चांगला आहे त्यालाच पुन्हा विकावे लागतात.

या महाग बॉडीतले किती चित्र अखेर गिऱ्हाइकापर्यंत पोचते? चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले, तर २२ लाख पिक्सेल पुरतात. लग्नाच्या १२ बाय ३६ इंची करिझ्मा अल्बमचे अर्धे पान, म्हणजे १२ बाय १८ इंच, एकाच फोटोने भरले तरी दोन कोटींच्या आत भागते, म्हणजे २० मेगापिक्सेल. एवढे मेगापिक्सेल २००८ च्या कॅनन फाइव्ह डी मार्क टू मध्येही होते. एरवी त्याच पानावर सात-आठ फोटो, गुलाबाच्या पाकळ्या आणि वधूवरांची नावे दाटीवाटीने बसवलेली असतात. नातेवाइकांच्या मोबाइलवर तो फोटो आणखी आक्रसून जातो.

लेन्सचेही तसेच. कॅननची ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स १६० ग्रॅमची; तिचीच एफ/१.२ बहीण ९५० ग्रॅमची. अमेरिकेत पहिली १९९ डॉलरला आली, दुसरी २,२९९ ला. उजेड मिळतो सव्वादोन पट. किंमत साडेअकरा पट.

तरीही सामानाने काहीच फरक पडत नाही, हे म्हणणे खोटे आहे. फुल फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ नेहमीच्या क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पटींहून अधिक असते. रात्रीच्या हळदीत, एका बल्बच्या उजेडात, तो फरक दिसतो. डोळ्यावर फोकस धरून ठेवणारी नवी यंत्रणा अक्षतांच्या गर्दीत खरोखर उपयोगी पडते. पण बिघडलेल्या फोटोंची कित्येक कारणे बॉडी बदलून जात नाहीत. लाल-पिवळ्या कापडी छतावर फ्लॅश उसळवला तर नवरीच्या चेहऱ्यावर छताचा रंग उतरणारच. मंडपातले स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले की ते बहुतेक नाहीसे होतात. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते कोणी विकतही नाही.

ड्रोनची कहाणी आणखी वेगळी. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्राने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. वरातीवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची मागणी त्यामुळे थांबली नाही.

सेकंडहँड बाजारात मात्र हव्यासाला एक मोजपट्टी आहे: शटर काउंट. निकॉन डी८५० चे शटर दोन लाख क्लिकवर तपासलेले असते. एका लग्नात दोन हजार क्लिक आणि वर्षाला ४० लग्ने धरली, तर हा आकडा अडीच वर्षांत गाठला जातो. शहरातल्या हौशी मालकाची बॉडी तेवढ्याच काळात बऱ्याचदा १० हजार क्लिकही न होता, मूळ खोक्यासकट विक्रीला येते. तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला ती घेतो, आणि पुढच्या मुहूर्तापासून तिचे खरे क्लिक सुरू होतात.