डायनासोर स्थावर की जंगम?

जीवाश्मांचं वेड मला कॉलेजात असल्यापासून आहे. त्यांच्या मालकीच्या खटल्यांचा नाद मात्र ‘सू’ने लावला. सू म्हणजे शिकागोच्या फील्ड म्युझियममधली टिरॅनोसॉरस रेक्स. (नर की मादी, हे ठरलेलं नाही, नाव ती शोधणाऱ्या बाईंचं.) मी गेलो तेव्हा लोक दातांसमोर फोटो काढत होते आणि मी तिच्या डाव्या पोटरीचं हाड न्याहाळत होतो. संसर्गाने ते चांगलं जाडजूड झालंय. खालच्या जबड्याला गोल भोकं आहेत. खरी कवटी सांगाड्यावर चढवायला फार जड, म्हणून ती वेगळ्या काचपेटीत. जिवंतपणी एवढं सोसलेल्या या जनावराला मेल्यावर कोर्टकचेरीही चुकली नाही.

१२ ऑगस्ट १९९०. दक्षिण डकोटातल्या शायेन रिव्हर या आदिवासी राखीव क्षेत्रात ब्लॅक हिल्स इन्स्टिट्यूटचा तळ पडलेला. नाव संस्थेचं, पण काम जीवाश्म काढून विकण्याचं. गाडीचा टायर बसला म्हणून बाकीचे गावात गेले आणि सू हेंड्रिक्सन जवळच्या कड्याकडे फिरत गेल्या. पायथ्याशी हाडांचा चुरा, मान वर केली तर मातीतून डोकावणारे मणके! कंपनीचे पीटर लार्सन यांनी जमिनीचे मालक मॉरिस विल्यम्स यांना ५,००० डॉलरचा चेक दिला आणि सांगाडा हिल सिटीला नेला. विल्यम्स पुढे म्हणू लागले, पैसे नुसत्या खणायच्या परवानगीचे होते. मे १९९२ मध्ये एफबीआय आणि नॅशनल गार्ड दारात आले आणि सू जप्त झाली.

अमेरिकेत खाजगी जमिनीतलं जीवाश्म जमीनमालकाचं. पण विल्यम्स यांची जमीन सरकारने त्यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरली होती आणि अशी जमीन सरकारच्या संमतीशिवाय विकता येत नाही. आम्ही जमीन कुठे घेतली, हाडं घेतली, असा कंपनीचा युक्तिवाद. अपील कोर्टाने १९९३ मध्ये निकाल दिला की, खणून बाहेर निघेपर्यंत हाडं हा जमिनीचाच भाग. म्हणजे टी. रेक्स ही स्थावर मालमत्ता, विक्री रद्द! सातबाऱ्यावरून भाऊबंदकी पाहत वाढलेल्या वाचकाला यातली गंमत फोडून सांगायला नको. १९९७ मध्ये सदबीजच्या लिलावात सू ८३.६ लाख डॉलरला गेली. मॅक्डोनाल्ड्स आणि डिस्नीने हात दिला म्हणून ती म्युझियमला परवडली. लार्सन तुरुंगात गेले, पण सूपायी नव्हे. परदेशी व्यवहारांतली रोकड कस्टमला न कळवल्याबद्दल.

पुढे मोंटानात प्रश्न आला की डायनासोर हे खनिज आहे का? एका रँचची जमीन एकाची, खनिजाच्या हक्कात वाटा दुसऱ्यांचा, आणि आत एकमेकांना बिलगलेले दोन डायनासोर. २०१८ मध्ये संघराज्याच्या अपील कोर्टातल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं, खनिज. २०२० मध्ये मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, नाही. जमीन ज्याची, हाडं त्याची. मला दुसरा निकाल पटतो. डायनासोर वितळवून त्यातून धातू काढायला कोणी खाण घालत नाही.

मंगोलिया, ब्राझील, चीन यांनी जीवाश्म सरळ सरकारच्या मालकीचे करून टाकले आहेत, ब्राझीलने तर १९४२ मध्येच. तरीही माल निसटतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला टार्बोसॉरस या डायनासोरच्या सांगाड्यावर दहा लाख डॉलरच्या वर बोली लागली. आयातीच्या कागदांवर मूळ देश ग्रेट ब्रिटन आणि किंमत १५,००० डॉलर! हा प्राणी गोबीच्या वाळवंटातला. अमेरिकी सरकारने दावा लावला तो थेट सांगाड्यावरच. प्रतिवादीच्या जागी हाडं. पुढच्या वर्षी ती उलानबातरला परत गेली.

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा मूर्ती, नाणी, पोथ्या डोळ्यांपुढे ठेवून केलेला. भूवारशाचं रक्षण करणाऱ्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने काढला तो २०२२ मध्ये. आणि माल तर दारात पडलाय: चंद्रपूरजवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरच्या काळातली, दगड झालेली विष्ठा, सिरोंच्याकडे वडधमला लाकडाचे झालेले दगड. तुळशीच्या लग्नात आपण ज्या शाळीग्रामाला अक्षता वाहतो, त्यातले चक्र उमटलेले शाळीग्राम म्हणजे काली गंडकीतले अमोनाइट. देवघरातल्या त्या जीवाश्माची मालकी कुठल्या कायद्याने ठरवायची?

जीवाश्म विकणाऱ्यांना सरसकट चोर म्हणणारे प्राध्यापक मला पटत नाहीत. उघडी पडलेली हाडं ऊन-हिमात चुरा होतात, कोणीतरी ती काढायलाच हवीत. पण विकत घेणारा म्हणेल तेव्हाच कवटी बघायला मिळणार असेल, तर तिच्यावर कोणी काय लिहिणार? एकाचं निरीक्षण दुसऱ्याला तपासता येत नाही, म्हणून अनेक संशोधन-नियतकालिकं अशा नमुन्यांवरचे लेख नाकारतात. लार्सन यांच्याच कंपनीने काढलेला ‘स्टॅन’ हा टी. रेक्स वर्षानुवर्षं अभ्यासकांना खुला होता. मग भावाभावांत फाटलं, कोर्टाने वाटणीत स्टॅन धाकट्या नील यांना दिला आणि २०२० मध्ये क्रिस्टीजमध्ये तो ३.१८ कोटी डॉलरला विकला गेला. दीड वर्ष तो नेमका कुठे आहे, याचा जाहीर पत्ताच नव्हता. २०२२ मध्ये कळलं, अबूधाबीच्या नव्या म्युझियमसाठी घेतलाय.