सुपरहिरो बदलला तर चालेल?

सप्टेंबर २००७. अमेरिकेत ‘सुपरमॅन : डूम्सडे’ थिएटरला बगल देऊन थेट डीव्हीडीवर आला. डीसीच्या अशा घरबसल्या बघायच्या अ‍ॅनिमेशनपटांच्या मालिकेतला हा पहिलाच! त्याच डिसेंबरात आपल्याकडे अनुराग कश्यपचा ‘रिटर्न ऑफ हनुमान’ थिएटरात झळकला. दोन्हींवर वाद एकच : हिरो किती बदलायचा?

कॉमिक्सवाले कुरकुरले, कित्येक अंकांची गोष्ट सव्वा तासात कोंबली! ज्यांनी अंक वाचलेच नव्हते, त्यांना हाच वेग भावला.

आपला मामला जरा नाजूक. २००५चा व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ पुराणाला धरून होता. दुसऱ्यात तोच देव मारुती नावाचा शाळकरी पोरगा होतो. त्यात २००७ मध्येच मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढल्या आणि सिनेमा हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही घरात आणणं परवडू लागलं. जिथे गावोगावी मारुतीचं देऊळ, तिथे आजी-नातू एकाच टीव्हीसमोर! आजीला देवाचं दप्तर खटकणार, नातवाला तो आपल्याच बाकावरचा वाटणार.

खरं सांगू? कीर्तनकारही मारुतीची गोष्ट दर वेळी थोडी नव्यानं रंगवतातच की. बदल चालतो. फक्त ती ताकद दुसऱ्यासाठी वापरली जाते ना, एवढं बघायचं.

या वीकेंडला दोन्ही ‘हनुमान’ लागोपाठ लावा. आधी २००५चा. मग घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना विचारा, कुठला आवडला आणि का? आजीलाही विचाराच!