‘मी स्त्रीवादी नाही’ : एका विधानाचे वाचन

मराठीतील लेखिकांच्या मुलाखती, परिसंवादांतील भाषणे आणि आत्मपर लेख वाचीत असताना एक प्रश्न वारंवार भेटतो. ‘आपण स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेता काय?’ हा तो प्रश्न. त्याची उत्तरे नाना प्रकारची असली तरी त्यांतील एक विशेष परिचित आहे : ‘मी स्त्रीवादी नाही, मी माणसाविषयी लिहिते.’ एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांतून या उत्तराची जी वासलात लावली जाते ती पाहिली, की त्याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा असे वाटू लागते. काही अभ्यासक लेखिकेचा शब्द प्रमाण मानतात आणि तिच्या साहित्याला स्त्रीवादी दृष्टी लावणेच गैर ठरवितात. दुसरे काही तिच्या विधानाकडे काणाडोळा करतात. लेखिकेला स्वतःच्या लेखनाचे मर्म उमगले नाही, ती ‘नकळत स्त्रीवादी’ आहे, असे म्हणून मोकळे होतात. पहिल्या वाचनात लेखनाचा बळी जातो, दुसऱ्यात लेखिकेच्या बुद्धीचा. दोहोंत एक गृहीत मात्र समान आहे : ‘मी स्त्रीवादी नाही’ या विधानाचा अर्थ उघड आहे आणि तो सर्वत्र एकच आहे.

प्रस्तुत लेखकास हे गृहीत मान्य नाही. हे विधान म्हणजे एखाद्या सिद्धान्ताविषयीचे मत नव्हे. ते कोणी तरी, कोणाला तरी, कोणत्या तरी प्रसंगी दिलेले उत्तर असते. त्यातील नकार नेमका कशाला आहे हे विचारणाऱ्याकडे पाहिल्याखेरीज कळत नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘सुधारणा’, ‘स्त्रीशिक्षण’, ‘स्त्रियांची उन्नती’ अशी शब्दयोजना दिसते. पुढे ‘स्त्रीस्वातंत्र्य’ आले. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या आगेमागे ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द रूढ झाला, आणि समीक्षेत ‘स्त्रीवाद’ स्थिरावला तो त्यानंतर. या दोन शब्दांच्या छटा मराठी कानाला फार वेगळ्या लागतात. ‘मुक्ती’ला मोक्षाचा जुना सुगंध आहे, पण त्याच्या शेजारीच ‘मोकळी’ आणि ‘मोकाट’ हे शब्द उभे आहेत. ‘स्त्रीमुक्तीवाल्या बायका’ या बोलीतील प्रयोगात ‘वाल्या’ हा प्रत्यय जे काम करतो त्याला कोशात जागा नाही, पण तो ऐकलेला नाही अशी प्राध्यापिका विरळाच. ‘वाद’ म्हणजे तत्त्वप्रणाली हे खरे. परंतु मराठीत वाद घातलाही जातो. ‘वादी’ म्हणजे न्यायालयात फिर्याद घेऊन उभा राहिलेला पक्ष. तेव्हा सासरी-माहेरी, कार्यालयात वा शिक्षकांच्या खोलीत जी स्त्री ‘मी काही स्त्रीवादी नाही हं’ असे म्हणून पुढे समान वेतनाचा किंवा मुलीच्या वारसाहक्काचा मुद्दा मांडते, ती सिद्धान्त नाकारीत नसते. आपले म्हणणे भांडण म्हणून मोडीत काढले जाऊ नये एवढीच तजवीज करीत असते. हा भित्रेपणा आहे असे म्हणणे सोपे आहे. ज्यांना त्या खोलीत रोज बसावयाचे नाही त्यांना ते अधिकच सोपे.

हा शब्द नकोसा वाटणे ही केवळ आपल्याकडील गोष्ट नव्हे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३८ मध्ये ‘थ्री गिनीज’ या ग्रंथात हा शब्द जाळून टाकावा असे सुचविले. स्त्रियांना उपजीविकेचा हक्क मिळाल्यावर शब्दाचे प्रयोजन संपले, असा त्यांचा वरवरचा युक्तिवाद आहे. त्यातील उपरोध सुटला तर मात्र पानच सुटले. ज्या पूर्वसूरी स्त्रियांना या नावाने हिणविले गेले आणि ज्यांना त्याचा संतापही येई, त्या तेव्हा ज्या जुलमाशी झगडत होत्या त्याच जुलमाशी आता फॅसिझमविरोधी पुरुषही झगडत आहेत, हे वुल्फ यांना दाखवावयाचे आहे. शब्द जाळला तो लढा वेगळा काढून लहान केला जाऊ नये म्हणून. सिमोन द बोव्हार यांचा प्रवास नेमका उलट दिशेचा. ‘द सेकंड सेक्स’ १९४९ चे. परंतु समाजवादी परिवर्तनातून स्त्रियांचा प्रश्न सुटेल या विश्वासापोटी त्या दीर्घकाळ स्वतःला स्त्रीवादी म्हणवीत नव्हत्या. १९७२ मध्ये अ‍ॅलिस श्वार्झर यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी ते नाव जाहीरपणे स्वीकारले. ग्रंथ तोच, लेखिका तीच. बदलला तो डाव्या पक्षांवरील भरवसा आणि उभी राहिली ती फ्रान्समधील स्त्रियांची स्वतंत्र चळवळ. १९४९ च्या नकारावरून त्या ग्रंथाचा निकाल लावणाऱ्या अभ्यासकाची काय गत झाली असती, याची कल्पना करावी.

सर्जनशील लेखिकेच्या नकाराला आणखी एक कारण असते आणि ते वाङ्मयीन आहे. डोरिस लेसिंग यांनी ‘द गोल्डन नोटबुक’च्या १९७१ च्या प्रस्तावनेत आपल्या कादंबरीला स्त्रीमुक्तीचा कर्णा समजू नये असा आक्षेप नोंदविला, आणि त्याच ओघात स्त्रीमुक्तीला आपला पाठिंबा असल्याचेही सांगितले. या दोन विधानांत विसंगती नाही. पहिले कादंबरीच्या रचनेविषयी आहे, दुसरे नागरिक म्हणून घेतलेल्या भूमिकेविषयी. मराठीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो, कारण येथे ‘लेखिका’ हाच एक कप्पा आहे. त्यावर ‘स्त्रीवादी’ हे विशेषण चढले की कप्प्यात कप्पा तयार होतो. त्याचा परिणाम विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांच्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडविली आणि टोपणनावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला. त्यामुळे हा संग्रह आणि त्यापाठोपाठची ‘हिंदोळ्यावर’ आमच्या अभ्यासक्रमांतून वाजवी सन्मानाने वावरतात. परंतु सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील जीवनावरची १९५० ची ‘बळी’ त्याच लेखिकेची. तारेच्या कुंपणाआड ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले त्या माणसांकडे पाहणारी दृष्टी आणि अविवाहित मिळवत्या मुलीकडे पाहणारी दृष्टी एकच आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण ‘स्त्रीवादी कादंबरी’ या मथळ्याखाली ‘बळी’ येत नाही, आणि म्हणून तो विचारलाही जात नाही. एखाद्या लेखिकेला या विशेषणाची धास्ती वाटली तर तिने आपल्या सूची पाहिलेल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

चळवळीच्या आतून आलेला नकार मात्र वेगळ्या जातीचा. ‘मानुषी’ या नियतकालिकाच्या संस्थापक-संपादक मधु किश्वर यांनी १९९० मध्ये ‘मी स्वतःला स्त्रीवादी का म्हणवीत नाही’ या आशयाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. स्त्रियांवरील अत्याचारांविषयी सातत्याने लिहिणाऱ्या नियतकालिकाच्या संपादिकेचा हा लेख असल्याने तो गाजला. हे नाव पश्चिमेच्या विशिष्ट इतिहासातून आले आहे आणि त्याबरोबर तेथील प्रश्न व वाद आयते येतात, शिवाय एकच नाव घेणाऱ्यांत प्रत्यक्ष प्रश्नांवर एकमत असतेच असे नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. (लेखिकेच्या पुढील काळातील राजकीय भूमिकांवरून या लेखाचे मूल्य ठरविण्याचा मोह टाळावा, १९९० चा युक्तिवाद त्याच्या जागी तपासता येतो.) त्यातील परकेपणाचा मुद्दा मला दुबळा वाटतो. समाजवाद, राष्ट्रवाद आणि कादंबरी याही आपल्याकडे बाहेरूनच आल्या, त्यांच्याकडे कोणी जन्मदाखला मागत नाही. नावाने मतैक्याचा आभास निर्माण होतो, हा मुद्दा मात्र खोल आहे. आणि महाराष्ट्रात तो सर्वाधिक ताकदीने मांडला तो दलित स्त्रियांनी.

येथे थोडे थांबावयास हवे. १९८१ मध्ये कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ आले. १९८६ मध्ये शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके आली. या आत्मकथनांत घरातील मारझोड आहे, सासुरवास आहे, बाळंतपणांची हेळसांड आहे. स्त्रीवादी समीक्षेला हवे ते सारे आहे. परंतु कथन करणारा ‘मी’ समाजापासून सुटा निघत नाही. बेबीताईंच्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘आमुचं’ आहे, आणि ते ‘आमुचं’ केवळ बायकांचे नाही. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग नोंदविणारा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. या शीर्षकातील ‘ही’ या अव्ययाकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यावे असे वाटते. ते दोन दिशांना तोंड करून उभे आहे. दलित चळवळीचा इतिहास पुरुषांच्या नावे लिहिणाऱ्यांना ते ऐकवले आहे, आणि महाराष्ट्रातील स्त्रीचळवळीची वंशावळ सुधारकांच्या घरांतून काढणाऱ्यांनाही. पुढे २००३ च्या ‘आयदान’मध्ये ऊर्मिला पवारांनी दोन्ही चळवळींतील आपले अनुभव मांडले : एकीकडे स्त्रीप्रश्न दुय्यम, दुसरीकडे जात अदृश्य.

अशा स्थितीत ‘तुम्ही स्त्रीवादी आहात काय?’ या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणे म्हणजे ज्या बैठकीत आपली जात कोणी पाहिली नाही तेथे सही करणे, आणि नकार देणे म्हणजे घरातल्या पुरुषसत्तेला अभय देणे. यातून वाट निघाली ती विशेषणाला विशेषण जोडून. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळ्या भाषेत बोलतात ही मांडणी केली आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी त्या वेगळेपणाची चिकित्सा करून दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीचा पुरस्कार केला. वेगळेपण मान्य करून बाकीच्यांनी स्वस्थ बसावे, जातीचा प्रश्न दलित स्त्रियांकडे सोपवून मोकळे व्हावे, ही सोय रेगे यांनी काढून घेतली. हे त्यांच्या मांडणीतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅलिस वॉकर यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ‘वुमनिस्ट’ हा निराळा शब्द पुढे केला होता. तेथे नवा शब्द आला. येथे जुन्याच शब्दावर हक्क सांगितला गेला. हा फरक तौलनिक अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

ग्रामीण भागातील उदाहरण ओझरते नोंदवितो. १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनास प्रचंड संख्येने शेतकरी स्त्रिया आल्या, आणि त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करण्याचा आग्रह धरला गेला. शरद जोशी यांची मांडणी शहरी स्त्रीमुक्तीवाद्यांपासून स्वतःला कटाक्षाने वेगळी ठेवणारी होती. सात-बाऱ्यावर नाव आले त्या स्त्रीला कोणत्या वादात बसवावयाचे, ही तिची अडचण नव्हती.

आणि ज्यांनी नाव स्वीकारले त्यांचे काय? त्यांनाही हे नाव फुकट मिळाले नव्हते. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडणारा निकाल दिला तो १९७८ चा. त्याविरुद्धच्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. त्या वर्षांत रस्त्यावर उतरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ‘स्त्रीमुक्तीवाल्या’ ही शिवीच नाव म्हणून उचलली. विद्या बाळ यांच्यासारख्या संपादिकेने स्वतःला निःसंकोच स्त्रीवादी म्हणवून घेतले. तरी १९८९ मध्ये मासिक काढताना त्याला नाव दिले ते ‘मिळून साऱ्याजणी’. भोंडल्याच्या रिंगणात शोभेल असे ते नाव आहे, आणि त्यात ‘वाद’ नाही. शब्द टाळून आशय राखण्याची ही युक्ती, त्या शब्दासाठी शिव्या खाल्लेल्या स्त्रीनेच करावी, यात त्या दशकाचा बराच इतिहास आला. आज विद्यापीठांत ‘स्त्रीवादी समीक्षा’ ही अभ्यासपत्रिका आहे. शोधनिबंधाच्या शीर्षकात हा शब्द असणे लाभाचेच ठरते. म्हणजे वर्गाच्या आत हे नाव प्रतिष्ठेचे आणि बाहेर जोखमीचे झाले आहे. मुलाखत घेणारा प्राध्यापक आत उभा असतो, उत्तर देणारी लेखिका बहुधा बाहेर.

अखेरीस ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचे निमित्त होऊन १८८२ मध्ये लिहिलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ला आज आपण आद्य स्त्रीवादी ग्रंथ म्हणतो. ताराबाईंपाशी तो शब्द नव्हता, म्हणून त्या हो म्हणाल्या असत्या की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, असे मानले जाते. पण या नावाने काय साधले आणि काय झाकले गेले हे विचारता येते. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये पाठराखण केली, तरी नंतर हे पुस्तक नव्वद वर्षे जवळजवळ विस्मरणात होते, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले ते १९७५ मध्ये, महिला वर्षात. वाचणारी दृष्टी तयार झाली तेव्हाच ते वाचले गेले, हे मान्य केले पाहिजे. मात्र ताराबाई पतिव्रताधर्म सरळ मोडीत काढीत नाहीत. नवरा देव असेल तर त्याने देवासारखे वागावे, अशा मुद्द्यावर त्या पुरुषांना उभे करतात; शास्त्रकारांचेच माप शास्त्रकारांच्या पदरात टाकतात. ‘आद्य स्त्रीवादी’ ही पाटी वाचून पुस्तक उघडणारा विद्यार्थी या ठिकाणी अडखळतो आणि त्यांना ‘काळाच्या मर्यादा’ होत्या असे लिहून पुढे जातो. त्याने तेथेच अधिक वेळ थांबावे. परधर्म न स्वीकारता स्वधर्माचा हिशेब मागण्याची ती रीत ताराबाईंनी कोठून घेतली, सत्यशोधकी वादपद्धतीतून की कीर्तन-पुराणांच्या ऐकीव परंपरेतून, याचा शोध अद्याप पुरेसा झालेला नाही.